गोष्ट माझी, कुलूप कुणाचे?



तुमच्या पत्रांत एक तक्रार हमखास असते. ‘बाई, आमच्या शाळेत संगणक आहे, पण तो कायम झाकून ठेवलेला असतो.’ कुणी लिहितो बिघडला आहे, कुणी लिहितो सरच हात लावू देत नाहीत. आज या झाकलेल्या संगणकाविषयी बोलू या. पण त्याआधी माझ्या शाळेतल्या एका ‘पाणि’ची हकिगत ऐका.

आमच्या शाळेत मुले दर महिन्याला भिंतीवरचे मासिक काढतात. पूर्वी ते हाताने लिहीत असू. शाळेला पाच संगणक भेट मिळाले, तेव्हा मुले म्हणाली, ‘बाई, आता टाइप करू या!’ चौथीतल्या एका मुलीने गावात येणाऱ्या टँकरवर गोष्ट लिहिली. गोष्ट मोठी छान होती, फक्त तिने ‘पाणी’ हा शब्द अकरा ठिकाणी ‘पाणि’ असा लिहिला होता. मी पेन्सिलीने खुणा करून दिल्या. ती धावत संगणकापाशी गेली आणि तोंड पाडून परत आली.

मी जाऊन पाहिले. गोष्ट पडद्यावर दिसत होती, पण त्यातले एक अक्षरही खोडता येईना. वरच्या बाजूला इंग्रजीत सूचना आली होती. लिहिण्याचे सॉफ्टवेअर आम्हाला नुसते चाचणीपुरते मिळाले होते. त्याची मुदत संपली होती. आता लिहिलेले वाचायचे तेवढे, बदलायचे असेल तर पैसे भरा!

ती मुलगी मला म्हणाली, “बाई, गोष्ट माझी आहे ना?”

“हो गं, तुझीच.”

“मग मला माझी चूक का खोडता येत नाही?”

काय उत्तर देणार? दुरुस्तीवाल्या दादांना बोलावले. त्यांनी पाच संगणकांच्या परवान्यांचा आकडा सांगितला. आमच्या खडू, कागद आणि सतरंज्यांच्या वर्षभराच्या खर्चाहून तो जास्त होता. माझा चेहरा पाहून ते हळूच म्हणाले, “बाई, कशाला एवढे पैसे घालता? मी दुसरीकडचं आणून घालून देतो. सगळेच तसं करतात. कुणाला कळतंय?”

खोटं कशाला सांगू, मुलांनो, क्षणभर मला मोह झाला. पण ती मुलगी शेजारीच उभी होती, सगळे ऐकत होती. आणि आदल्याच दिवशी चाचणीत शेजाऱ्याचे बघून लिहिणाऱ्या दोघांना मी बाकावर उभे केले होते! मी दादांना म्हटले, “नको. बघते काहीतरी.”

ते ‘काहीतरी’ शोधताना मला जे कळले, ते आज तुम्हाला सांगते.

अडकलेला कागद

१९८० च्या सुमाराची गोष्ट. अमेरिकेत बोस्टन शहराला लागून केंब्रिज नावाचे गाव आहे. तिथल्या एमआयटी या प्रसिद्ध तंत्रशिक्षण संस्थेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा तरुण संगणकाच्या प्रयोगशाळेत काम करायचा. छपाईचे यंत्र सगळ्यांना मिळून एकच, आणि तेही दुसऱ्या मजल्यावर. आपले काम छापायला पाठवायचे, थोड्या वेळाने जिना चढून जायचे, तर बघावे तो कागद मध्येच अडकलेला. आपल्यासारख्याच दहाजणांचे काम खोळंबलेले!

स्टॉलमनने जुन्या यंत्रावर एक युक्ती केली होती. यंत्र चालवणाऱ्या आज्ञावलीत, म्हणजे प्रोग्रॅममध्ये, त्याने काही ओळी घातल्या होत्या. कागद अडकला, की वाट पाहणाऱ्या सगळ्यांच्या पडद्यावर निरोप जायचा. कुणीतरी उठून कागद काढायचा. झाले काम!

मग नवे, झकपक यंत्र आले. कागद तेही अडकवायचे. पण त्याच्या आज्ञावलीचा मूळ मजकूर कंपनीने दिलाच नव्हता. त्यामुळे युक्ती घालणार कुठे? दुसऱ्या एका विद्यापीठातल्या माणसाकडे तो मजकूर आहे, असे स्टॉलमनला कळले. तिकडे गेला असताना त्याने तो मागितला. तो माणूस म्हणाला, “देता येणार नाही. कुणालाही देणार नाही असे मी लिहून दिले आहे.”

स्टॉलमन रागाने तसाच परत फिरला. त्याला वाटले, हा नकार मला एकट्याला नाही. त्या यंत्रावर ज्यांचे ज्यांचे काम अडले आहे, त्या सगळ्यांनाच हा नकार आहे.

राग तर आपल्यालाही येतो. आपण दोन दिवस धुसफुसतो आणि विसरून जातो. स्टॉलमन विसरला नाही. २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्याने जाहीर केले, की संगणक चालवायला लागणारी सगळी व्यवस्था मी नव्याने लिहिणार आणि ती सगळ्यांसाठी उघडी ठेवणार. या कामाला त्याने ‘ग्नू’ असे नाव दिले. ग्नू हा आफ्रिकेतल्या गवताळ रानात राहणारा प्राणी आहे.

ठिपक्यांची रांगोळी

उघडी ठेवणार म्हणजे काय? सोपे करून सांगते.

दिवाळीत बाजारात रांगोळीचे स्टिकर मिळते. चिकटवले की झाले! दिसते छान. पण त्यातले कमळ तुम्हाला थोडे मोठे हवे असेल तर? नाही करता येत. मैत्रिणीला तसेच हवे असेल तर? तिने दुसरे विकत आणायचे.

आता ठिपक्यांची रांगोळी आठवा. अकरा ठिपके, अकरा ओळी, आणि कोणता ठिपका कोणत्या ठिपक्याला जोडायचा हे ठाऊक असले, की ती रांगोळी तुमची! वहीत उतरवून घ्या, कमळाच्या जागी मोर काढा, मामाच्या गावी जाऊन मामेबहिणीला शिकवा.

संगणकाची कामे माणसेच आधी ओळीओळीने लिहितात. हा मूळ मजकूर जाणकार माणसाला वाचता येतो. हे झाले ठिपके. मग त्या मजकुराचे यंत्राला कळेल अशा शून्य आणि एकच्या रूपात भाषांतर होते. ते माणसाला वाचून समजत नाही. हे झाले स्टिकर. बऱ्याच कंपन्या आपल्याला नुसते स्टिकर देतात. स्टॉलमन म्हणाला, ठिपकेही द्या. आणि त्याने वापरणाऱ्याचे चार हक्क सांगितले :

रांगोळी हव्या त्या दारात काढा.

ठिपके मोजून ती कशी काढली ते शिका आणि हवी तशी बदला.

जशीच्या तशी दुसऱ्याला द्या.

तुम्ही बदललेली रांगोळीही दुसऱ्याला द्या.

यासाठी त्याने जो परवाना लिहिला, त्यात एक मेख आहे, बरं का! माझ्या वहीतली रांगोळी घेऊन तुम्ही नवी काढलीत आणि ती लोकांना दिलीत, तर तिचे ठिपके तुम्हीही लपवायचे नाहीत. माझ्याकडून उघडी घेतली, पुढेही उघडीच द्यायची.

अशा सॉफ्टवेअरला इंग्रजीत ‘फ्री’ म्हणतात. त्या शब्दाने मोठा घोटाळा होतो, कारण त्याचे दोन अर्थ आहेत. एक ‘पैसे न पडणारे’ आणि दुसरा ‘मोकळे’. स्टॉलमनला ते सारखे समजावून सांगावे लागते. आपले बरे आहे. आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत, फुकट आणि मुक्त. फुकट मिळालेले प्रत्येक सॉफ्टवेअर मुक्त नसते. आमच्या शाळेचे चाचणीपुरते सॉफ्टवेअर फुकटच होते की! पण मुक्त नव्हते. म्हणून तर त्या मुलीच्या गोष्टीला कुलूप लागले.

हातोहाती

स्टॉलमन आणि त्याच्या सोबत्यांनी कितीतरी भाग तयार केले, पण मधला मुख्य खांब राहिला होता. १९९१ साली फिनलंड देशातल्या हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या मुलाने तो खांब लिहायला घेतला आणि इंटरनेटवरून लोकांपुढे ठेवला. कुणी चुका दाखवल्या, कुणी भर घातली. हाच तो ‘लिनक्स’. १९९२ साली लिनसने त्याला स्टॉलमनचा तो मेख असलेला परवाना लावला. तुमच्या घरातला मोबाइल अँड्रॉइडवर चालत असेल, तर त्याच्या पोटातही लिनक्सच आहे.

२००४ साली दक्षिण आफ्रिकेच्या मार्क शटलवर्थने लिनक्सवर आधारलेली, नवख्यालाही वापरता येईल अशी व्यवस्था काढली. हा माणूस २००२ साली अंतराळातही जाऊन आलेला आहे. व्यवस्थेला त्याने नाव दिले ‘उबुंटू’. आफ्रिकेतल्या या जुन्या शब्दाचा भाव असा, की माणूस इतर माणसांमुळेच माणूस होतो. ज्या देशांत इंटरनेट महाग किंवा कासवासारखे हळू होते, तिथले लोक हे उतरवून कसे घेणार? म्हणून मागेल त्याला त्याची सीडी पोस्टाने घरपोच मिळायची. सीडीचे पैसे नाहीत, टपालखर्चही नाही! २०११ पर्यंत हे चालू होते.

म्हणजे पाहा, अमेरिकेतल्या एकाने सुरू केले, फिनलंडच्या मुलाने खांब दिला, दक्षिण आफ्रिकेने ते पोस्टाने गावोगाव पोचवले. तुम्ही म्हणाल, “बाई, हे सगळे ठीक आहे. पण आमच्यासारख्या साध्या शाळेला त्याचा काय उपयोग?” त्यासाठी आपल्याला फार लांब जायला नको. कोकण रेल्वेत बसू आणि खाली केरळात उतरू.

केरळच्या शाळांत

२००१ साली केरळ सरकारने शाळाशाळांत संगणक शिकवण्यासाठी ‘आयटी अॅट स्कूल’ हा प्रकल्प सुरू केला. त्याच वर्षी जुलैत मुक्त सॉफ्टवेअरचा प्रसार करणारी एक संस्था तिरुवनंतपुरमला सुरू झाली. तिचे नाव फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ऑफ इंडिया. त्या वेळी स्वतः स्टॉलमन तिथे आला होता.

सुरुवातीला मुलांना एकाच कंपनीचे सॉफ्टवेअर शिकवायचे असा बेत होता. त्यावर शिक्षक आणि मुक्त सॉफ्टवेअरचे कार्यकर्ते बोलू लागले. सरकारी पैशाने चालणाऱ्या शाळेत मुलांना एकाच दुकानाचे गिऱ्हाईक का करायचे? आपण त्यांना लेखन, चित्रे, गणित करायला शिकवायचे की अमुक कंपनीची बटणे पाठ करायला लावायची? वाद झाले, चर्चा झाल्या. मग हळूहळू लिनक्स शाळांत आले आणि काही वर्षांत सरकारी शाळांचा सगळा संगणक-अभ्यास मुक्त सॉफ्टवेअरवर होऊ लागला. दहावीची संगणकाची परीक्षासुद्धा! केरळात दरवर्षी चार लाखांच्या वर मुले दहावीला बसतात, म्हणजे हे काम केवढे मोठे होते ते लक्षात घ्या.

२०१७ पासून या प्रकल्पाचे नाव ‘काइट’ आहे. इंग्रजीत काइट म्हणजे पतंग. काइटचे लोक उबुंटू घेतात, त्यात आपल्या पाठ्यपुस्तकांना लागणारे प्रोग्रॅम आणि मल्याळम भाषेची सोय घालतात आणि स्वतःची व्यवस्था तयार करून शाळांना देतात. कुणाची परवानगी मागावी लागत नाही, कारण ठिपके उघडे आहेत!

आता वही घ्या आणि एक हिशेब करा. २०१९ साली काइटने सांगितले, की एका संगणकाला लागणारी सगळी सॉफ्टवेअरे विकत घ्यायची तर निदान दीड लाख रुपये पडतील, आणि आमच्या शाळांत २ लाख संगणक आहेत. किती वाचले?

२,००,००० × १,५०,००० = ३०,००,००,००,०००

म्हणजे ३,००० कोटी रुपये! आता कुणी म्हणेल, की शाळांना कंपन्या सवलत देतात, एवढे पडले नसते. बरोबर आहे. तर दहावा हिस्सा धरा. तरी ३०० कोटी होतात. तेवढ्यात किती शाळांना पत्रे, बाक आणि वाचनालये मिळतील, तो हिशेब तुमच्या सरांना विचारून करा.

पण मला पैशांपेक्षा दुसरी गोष्ट जास्त आवडली. २०१८ साली तिथे ‘लिटल काइट्स’ नावाची मुलांची मंडळे सुरू झाली. आपल्याकडे शाळेत स्काउट-गाइड असतात ना, तशीच. २,००० च्या आसपास शाळांतली आठवीपासूनची मुले त्यात आहेत. ती मुले सजीवपट, म्हणजे कार्टून, तयार करतात. मल्याळममध्ये टाइप करतात. पायथन नावाच्या भाषेत छोट्या आज्ञावल्या लिहितात. शाळेतल्या संगणकाचे बारीकसारीक दुखणे तीच बघतात. २०२२ साली तर या मुलांनी आयांसाठी वर्ग घेतले. मोबाइलवर फसवणूक कशी होते, ओटीपी कुणाला का सांगायचा नाही, हे मुलांनी आयांना शिकवले. नेहमी आई पाढे घेते, इथे मुलांनी आईचा अभ्यास घेतला!

तिथे कुणी संगणक झाकून ठेवला असता, तर हे झाले असते का?

आचारी आणि आचार्य

आणखी एक गंमत सांगते. मल्याळम लिपीत जोडाक्षरांची नुसती जत्रा असते. टाइपरायटरवर एवढ्या कळा कुठून आणणार? म्हणून १९७१ साली तिथल्या सरकारने लिपी सुटसुटीत केली, पुष्कळ जुनी जोडाक्षरे मोडून सुटी लिहायची असे ठरवले. यंत्राला जमेना, म्हणून भाषेने अंग चोरले! पुढे संगणक आला. त्याला कळांची अडचण नव्हती. काही भाषाप्रेमींनी १९९९ साली ‘रचना’ नावाची चळवळ सुरू करून सगळी जुनी अक्षरे संगणकावर आणली. २००२ पासून ‘स्वतंत्र मल्याळम कंप्युटिंग’ हा गट याच कामाला लागला. त्यात हौसेने काम करणारी तरुण मंडळी होती. ‘माझ्या संगणकाला माझी भाषा’ असे त्यांचे ब्रीद आहे. नावातला ‘स्वतंत्र’ हा शब्द पाहिलात? म्हणजे फुकट नव्हे, मोकळे!

आपल्या मराठीचेही असेच आहे. ‘गावजेवणासाठी आचाऱ्यांना बोलवा’ असे लिहायचे आणि संगणकाने ‘आचार्यांना बोलवा’ असे उमटवायचे, तर काय होईल? स्वयंपाक राहील बाजूला आणि मोठमोठे विद्वान भाषण करायला दारात उभे राहतील! सह्याद्रीच्या ‘दऱ्या’ लिहायच्या आणि दिसायचा ‘दर्या’, म्हणजे समुद्र. हा ‘ऱ’ मराठीत शब्दाचा अर्थ बदलतो, म्हणून संगणकाला तो मुद्दाम शिकवावा लागला. आपला ‘ल’ पाकळीचा आणि ‘श’ देठाचा, हेही असेच. पुष्कळदा पडद्यावर दुसऱ्याच वळणाचे ल आणि श दिसतात.

दूरदेशीच्या कंपनीला हे सुचेलच असे नाही. सुचले तरी, मराठीत पैसा मिळणार असेल तरच ती दुरुस्ती करील. आणि जी भाषा थोडेच लोक बोलतात, तिचे काय? कोरकू बोलणाऱ्या, मावची बोलणाऱ्या मुलांनी कंपनीकडे कधी आणि कसे जायचे? ठिपके उघडे असले, तर त्या भाषेतली चार माणसे बसून हे काम स्वतः करू शकतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ अशा अक्षरांच्या घाटण्या मुक्त परवान्याने दिल्या आहेत. कुणीही त्या वापराव्यात आणि परवान्याच्या अटी पाळून बदलाव्यात. २००३ पासून चालू असलेला मराठी विकिपीडियासुद्धा मुक्त सॉफ्टवेअरवरच उभा आहे.

नुसते यंत्र पुरत नाही

आता एक सावधगिरीची गोष्ट. नाहीतर तुम्हाला वाटेल, मुक्त सॉफ्टवेअर घातले की शाळा सुधारली!

२००७ च्या सुमारास अमेरिकेतल्या निकोलस निग्रोपॉन्टे यांच्या पुढाकाराने गरीब देशांतल्या मुलांसाठी एक हिरवा-पांढरा छोटा लॅपटॉप निघाला. ‘दर मुलामागे एक लॅपटॉप’ असे त्या योजनेचे नाव. आत लिनक्स होते. आपल्या रायगड जिल्ह्यातही, कर्जतजवळच्या एका एकशिक्षकी शाळेत तो २००७ साली आला होता. त्याच्या कळफलकावर एक अजब कळ होती. ती दाबली की समोर चाललेल्या प्रोग्रॅमचा मूळ मजकूर दिसावा, अशी योजना होती. म्हणजे ‘ठिपके दाखवा’ कळ! मला ती कल्पना फार आवडली.

दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाने असे आठ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले. पुढे ३१९ शाळांची पाहणी झाली. तिचा अहवाल २०१२ साली आला. गणितात आणि भाषेत मुलांची काही प्रगती झालेली दिसली नाही. असे का झाले असेल? लॅपटॉप आले, पण त्यांच्यावर काय शिकवायचे आणि कसे, याची शिक्षकांची पुरेशी तयारी झाली नव्हती. बऱ्याच शाळांत इंटरनेटही नव्हते. ‘ठिपके दाखवा’ कळ होती, पण ठिपके कसे जोडायचे हे सांगणारे शेजारी कुणी नव्हते.

केरळने उलट्या बाजूने सुरुवात केली. आधी शाळेतल्याच शिक्षकांना तयार केले, त्यांनी इतर शिक्षकांना शिकवले, मग पुस्तके, मग परीक्षा. आजी अंगणात वाकून दाखवते तेव्हा कुठे रांगोळी येते. नुसता रांगोळीचा डबा हातात दिला तर कशी येईल?

म्हणून तुमच्या शाळेत कुणी म्हणाले, की ‘आपल्याकडे लिनक्स घालू या’, तर आनंदाने हो म्हणा, पण लगेच विचारा, “आणि आम्हाला शिकवणार कोण?”

पुन्हा ‘पाणि’

हां, त्या गोष्टीचे काय झाले, ते राहिलेच.

आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी आता आयटीआयला आहे. त्याला निरोप धाडला. रविवारी तो पेनड्राइव्ह घेऊन आला आणि पाचही संगणकांवर ‘लिबरऑफिस’ नावाचे मुक्त सॉफ्टवेअर घातले. गोष्ट उघडली! थोडी गडबड झाली, नाही असे नाही. अक्षरांचे वळण बदलले, एक चित्र दुसऱ्या पानावर उडी मारून गेले. ते सरळ करण्यात तासभर गेला. छपाईचे जुने यंत्र काही केल्या ऐकेना. त्याच्याशी अजून आमची झटापट चालू आहे.

सोमवारी ती मुलगी संगणकापुढे बसली. एकेक ‘पाणि’ खोडून तिने ‘पाणी’ केले. अकरा वेळा. मग वर बघत बसली. तिथल्या सूचना मराठीत होत्या, पण एका ठिकाणी इंग्रजी शब्द तसाच राहून गेला होता.

“बाई, इथे मराठी का नाही?”

“हे मराठी करणारी माणसं आपल्यासारखीच, हौसेने काम करणारी. एखादा शब्द राहून गेला असेल.”

“मग मी सुचवू का?”

मी म्हटले, “सुचव की!” तिने आणि तिच्या मैत्रिणींनी वहीच्या मागच्या पानावर चार शब्द लिहून ठेवले आहेत. अजून भांडण मिटलेले नाही. मिटले की आमचा आयटीआयवाला दादा तो शब्द कुठे पाठवायचा ते दाखवणार आहे.

तुम्ही करून पाहा

१. शाळेतल्या संगणकावर कोणकोणती सॉफ्टवेअरे आहेत, त्यांची यादी करा. फुकट, विकत आणि मुक्त असे तीन रकाने आखा. मोठ्यांची मदत घ्या.

२. चित्रे काढायला आवडत असेल, तर सरांना किंवा बाईंना ‘टक्स पेंट’ विषयी विचारा. ते लहान मुलांसाठीच केलेले मुक्त सॉफ्टवेअर आहे.

३. ‘आचारी-आचार्य’ सारख्या जोड्या शोधा, जिथे एका ‘ऱ’ ने अर्थ बदलतो. निदान तीन तरी हव्यात! शोधून मला पत्राने कळवा.

४. आणि तुमचा संगणक झाकलेलाच असेल, तर तो का झाकला आहे हे नम्रपणे, पण नक्की विचारा. आम्हा शिक्षकांनाही कधी कधी भीती वाटते, की काही बिघडले तर? तुम्ही विचारलेत, तर आमचाही धीर वाढतो.

पुढच्या आठवड्यात भेटूच. तोवर पत्रे पाठवा, आणि हो, ऱ्हस्व-दीर्घ तपासून पाठवा!

तुमच्या,
बाई